टपालाच्या वजनापायी

सासूने माझे हात पाट्यावर आपटून बांगड्या फोडल्या. विमानतळाशेजारी सोनेगावच्या आमच्या खोलीतून पडलेल्या विमानाचा जाळ दिसत होता. जळक्या कागदाचा आणि लाखेचा वास घरात शिरला होता.

तेव्हा चार शहरांची टपालाची विमानं रात्री नागपुरात एकत्र यायची. नवरा लाखेची मोहर लावलेल्या पिशव्या एकातून दुसऱ्यात टाकायचा. त्या रात्री वैमानिक त्याला मद्रास दाखवायला नेणार होता. सासूने भाकरी बांधून दिली होती.

पहाटे तो दारात उभा राहिला. रात्रभर जळकी पत्रं वेचून हात काळे झाले होते.

"तू तं विमानात होता ना गा?" सासू ओरडली.

"टपाल जास्त झालं, माय. वजनापायी मले उतरवलं."

त्याने माझी मनगटं पाहिली. मला रडू आलं नाही, हसूही नाही.

मागच्या महिन्यात तो म्हातारपणाने गेला. इथे मनीषनगरात सून बांगड्या काढायला आली, तेव्हा वरून विमान चाललं होतं. मी म्हटलं, "राहू दे वं. माझ्या एकदा फोडून झाल्या."

त्या विमानातलं कोणीच वाचलं नव्हतं. उतरवलेला तेवढा वाचला.