चहावर सांगितलेलं नाव

दवाखान्यात काकाजींना न्यायचा डबा भरून झाला होता. दुधी उकळून पाणी काढून टाकलेला, बिनमिठाच्या दोन पोळ्या, वाटीभर मऊ भात. पिशवी उचलली आणि विलासभाऊंचा फोन आला. विलासभाऊ म्हणजे काकाजींचे पुतणे, हिंगणघाटला त्यांचं कापडाचं दुकान आहे. एरवी फोन कानापासून लांब धरावा लागेल असं बोलणारा माणूस, पण त्या दिवशी हळू म्हणाले, "ताई, डबा नोका आणू आता." मी म्हटलं, "का हो? कॅन्टीनचं खातो म्हणतायत का? मीठ असतं त्यात, देऊ नका." तिकडून नुसता श्वास ऐकू आला... मग मी पिशवी खाली ठेवली.

काकाजी गेले त्याला आता महिना होऊन गेला. त्यांचं घर अजून माझ्याकडेच आहे. विलासभाऊ म्हणतात, "राहा ताई, घाई नाई." पण घाई नाही म्हटलं की मला जास्तच धास्ती वाटते. माझं गाव मालवणकडचं. आठवीनंतर शाळा सुटली, लग्न झालं, आणि नवऱ्याला वर्ध्याजवळ सावंगीला दवाखान्याच्या कॅन्टीनमध्ये काम मिळालं म्हणून एवढ्या लांब आले. आल्या आल्या उन्हाळा लागला. इथलं ऊन अंगावर नाही, डोक्याच्या आत पडतं. त्या उन्हात काकाजींकडे घरकामाला आणि पथ्याचं बघायला लागले. ते कोण, काय, मला माहीत नव्हतं. धोतर-बंडीतला किडनी गेलेला एक म्हातारा माणूस, वऱ्हाडीत बोलणारा, एवढंच. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाले, "काऊन व, तोंड पाडून काऊन बसून राह्यली? घरची याद येते?" मी कसंबसं म्हटलं, "सुकट मिळत नाही इकडे." दोन दिवसांनी नागपूरहून सुकट आली. शेतकऱ्याचं शुद्ध शाकाहारी घर ते! मी तव्यावर भाजत होते आणि काकाजी नाकाला उपरणं लावून दारात उभे. "माह्या मायनं हा वास घेतला असता तं ती घर सोडून गेली असती. खाय, खाय तू." त्या दिवशी मी पोटभर जेवले आणि पोटभर रडलेही.

काकाजी परराष्ट्र खात्यात होते, कुठकुठल्या देशांत आपल्या वकिलातीत नोकरी करून आले होते, हे मला मुक्ताताई यायला लागल्या तेव्हा कळलं. मुक्ताताई पुण्याच्या एका संस्थेत आहेत. दोन देशांची बोलणी कागदावर उरतात, पण ती करणारी माणसं म्हातारी होतात आणि त्यांच्यासोबत बाकीचं सगळं जातं. म्हणून त्यांना भेटायचं, बोलतं करायचं आणि त्यांच्याच आवाजात साठवून ठेवायचं, असं त्यांचं काम. डायलिसिस नसेल त्या दिवशी सकाळी त्या येत. टेबलावर लहानसं यंत्र ठेवत, त्याचा लाल दिवा लागला की काकाजी बंडीची बटणं लावत आणि छापील मराठी बोलायला लागत. मला हसू येई. दमायचे फार. मी दाराशी बसून त्यांच्या पायांची सूज बघत राही, आणि मनात म्हणे, पुरे आता, देशांचं होईल काय व्हायचं ते.

एका गोष्टीपाशी मात्र त्यांचं गाडं दर वेळी अडायचं. एका देशात लढाई पेटली होती आणि आपले मजूर तिथे बंदरात अडकले होते. जहाज उभं, माणसं उभी, पण तिथलं सरकार सोडेना. आणि मग एका सकाळी सोडलं. मुक्ताताई विचारत, "परवानगी कशी आली?" काकाजी म्हणत, "आली." पुन्हा कधीतरी वेगळ्या वाटेनं विचारत, तरी तेच, "आली." त्यांच्या खात्यात सगळे ते काम काकाजींचंच मानत. कोणी कौतुक केलं की त्यांचा चेहरा उतरलेला दिसे.

त्यांच्या धंद्यात एक रीत होती. बैठकीत बोललेलं लिहून घेतात, चहावर बोललेलं कोणी लिहीत नाही. चहा आला की लेखण्या खाली. शत्रूचा माणूससुद्धा ती रीत पाळतो, असं काकाजी सांगत. आमच्याकडेही मी ट्रे आणला की मुक्ताताई यंत्र बंद करत. त्या सकाळी मी चहा ठेवला, मुक्ताताई बशीत सांडलेला चहा पुसायला लागल्या, आणि काकाजी एकदम बोलते झाले. छापील मराठी नाही, आपल्या बोलीत. परवानगी आलीच नव्हती. बंदरावरच्या एका अधिकाऱ्यानं आपल्याच मनानं शिक्का मारला आणि फाटक उघडलं. "म्या त्याले म्हटलं, बावा, तुले मारून टाकतील. तं तो म्हणे, विचारलं तं सांगीन वरून हुकूम आलता. तू पण तेच सांगजो." कसा तो अधिकारी घामानं भिजला होता, कसे मजूर चपला हातात घेऊन पळत होते... काकाजींचा आवाज तरण्या माणसासारखा झाला होता. त्या भरात त्यांनी त्याचं नाव घेतलं. मग कप खाली ठेवताना त्यांना तो लाल दिवा दिसला.

"पोरी, हे चालू आहे?"

मुक्ताताईंचा चेहरा पांढरा पडला. "काकाजी, माझं लक्षच नव्हतं..."

"मिटव."

"सगळ्या सकाळचं रेकॉर्डिंग एकच आहे. तेवढंच पुसायला बसले तरी कुठेतरी राहील. मिटवायचं तर सगळंच जाईल. आणि हे कोणालाच माहीत नाही हो! आपण बंद करून ठेवू. तुमच्या-त्यांच्यानंतर उघडतील."

"साऱ्या जिंदगीत किती सीलबंद लिफाफे उघडलेले पाह्यले म्या. तो जिता आहे. त्याचे पोरं तिथंच सरकारी नोकरीत आहेत. त्यानं माह्यावर भरोसा ठेवला व."

मुक्ताताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांचंही खरं होतं. दिल्लीपर्यंतची माणसं त्या एका उत्तरासाठी थांबलेली. मग काकाजी माझ्याकडे वळले, "सांग व सुनीता, काय करू?"

मला काय कळतं यातलं? घाबरून मी एवढंच म्हटलं, "ताई, हे राहिलं तर ते झोपायचे नाहीत. उद्या डायलिसिस आहे."

मुक्ताताईंनी डोळे पुसले. मग यंत्र काकाजींच्या हातात दिलं, त्यांचं बोट धरून मिटवायच्या बटणावर ठेवलं.

पुढच्या खेपेला काकाजींनी तीच गोष्ट यंत्राला पुन्हा सांगितली, देशाचं किंवा त्या माणसाचं नाव न घेता. म्हणाले, नाव नसलं तरी तो माणूस होता एवढं राहिलं पाहिजे, त्याचं श्रेय मी किती दिवस अंगावर वागवू. म्हणून मीही इथे लिहिते आहे. पण तोवर त्यांचा दम गेला होता. घाम नाही, चपला नाहीत. "एक अधिकारी होते. त्यांनी सहकार्य केलं." बस्स. मुक्ताताईंनी पुन्हा एकदा विचारून पाहिलं, काकाजींनी हात हलवला. पंधरवड्यात दवाखान्यात नेलं.

मागच्या आठवड्यात मुक्ताताई आल्या होत्या. काकाजींचा सगळा आवाज भरून विलासभाऊंसाठी आणला होता. आम्ही काकाजींच्याच खोलीत बसलो. पलंग विलासभाऊंनी नेलाय, भिंतीवर काकाजींच्या डोक्याच्या तेलाचा डाग तेवढा आहे. मी चहा केला तर अर्धाअर्धा कपच झाला. पाणी मोजून द्यायच्या पथ्याचं माप हातात बसलंय, काय करणार. मुक्ताताईंनी तेवढाच प्यायला. मग कप खाली ठेवून म्हणाल्या,

"सुनीता, ते नाव... तुला आठवतं का ग?"

"नाही हो ताई," मी म्हटलं.

"मलाही नाही," त्या म्हणाल्या.