एका श्वासातली रेघ

ब्रश धुतला की तो ओठांत धरून त्याला टोक काढायचा. शिडीवर चढण्याआधी चपला काढून भिंतीशी नीट लावून ठेवायचा. खडू कायम कानामागे. चहा पिताना डोळे समोरच्या पाटीवर असायचे, आणि ती दुसऱ्या कुणी रंगवलेली असली की तोंड वाकडं. खोकायचा खूप. मग म्हणायचा, "मी नाही, टर्पेंटाइन खोकतंय." नाव लिहून झालं की त्याखाली एक लांब रेघ. ती ओढताना तो श्वास रोखायचा. बघणारेही रोखायचे.

सगळे त्याला पेंटर म्हणत. घरात तो आणि त्याची थोरली बहीण. ताई शिवणकाम करायच्या. मी वरच्या खोलीत भाडेकरू. साहित्याची पदवी घेऊन नोकरी शोधत होतो, म्हणून मी 'पंडित'.

त्याच्या जठरात गाठ निघाली. ऑपरेशन करता येईना, इतकी ती पसरली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, केमो देऊ आणि जोडीला इम्युनोथेरपी.

"म्हणजे काय हो?" ताईंनी विचारलं.

"केमो गाठीच्या पेशी मारते. दुसरं औषध शरीराच्याच संरक्षक पेशींना मोकळं सोडतं. मग त्याही गाठीवर तुटून पडतात. पण कधी चुकून चांगल्या अवयवावरही पडतात. म्हणून खोकला, धाप, जुलाब, काहीही नवं वाटलं तर लगेच सांगायचं. वेळेत कळलं तर आवरता येतं. फक्त ते औषध थांबवावं लागतं."

पेंटरने शेवटचं वाक्य तेवढं धरून ठेवलं.

केस गेले. बोटं बधिर झाली, तर त्याने ब्रशला चिंधी गुंडाळून मूठ जाड केली. पण गाठ निम्मी झाली. आणखी आकसली तर ऑपरेशन होईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या दिवशी त्याने ताट संपवलं. ताई पाठ फिरवून बराच वेळ सुईत दोरा ओवत बसल्या.

मग त्याने ताईंच्या शिवणाच्या दुकानाची पाटी रंगवायला घेतली.

"उजाडलं का एकदाचं?" ताई म्हणाल्या. "साऱ्या गावाच्या पाट्या झाल्या, बहिणीचं दार मुकंच."

"घाई केलीस तर 'येथे फाटकं मिळेल' असं लिहीन."

अक्षरं सुरेख उतरली. रेघ ओढायला लागला आणि मध्येच थांबला. हात नाही, श्वास संपला होता. मग खोकला. कोरडा, थांबेचना.

"पेंटर, हे डॉक्टरांना सांगितलंत?" मी विचारलं.

"जन्मभर खोकतोय मी."

"हा खोकला तो नाही."

"पंडित, तू कवितेतलं बघ. हे औषध बंद पडलं तर गाठ परत वाढेल. मग काय कविता लावू तिला?"

मी ताईंना सांगितलं. त्यांनी त्याला फैलावर घेतलं. पुढच्या खेपेला सांगतो, असं तो कबूल झाला. ताई सोबत गेल्या. जाताना त्याने धुतलेला शर्ट बाजूला सारून रंगाने माखलेला, टर्पेंटाइनचा वास मारणारा कामाचा शर्ट घातला. ताई वैतागल्या, "कपडे नाहीत का तुला?" तो नुसता हसला.

इंजेक्शनच्या खोलीत ताईंना बाहेर थांबवलं. नर्सने खोकल्याचं विचारलं. "पेंटर आहे मी, जुनाच आहे," तो म्हणाला. शर्टाच्या वासाने तिला ते पटलं. औषध चढवलं गेलं. हे त्याने घरी आल्यावर वर माझ्या खोलीत येऊन सांगितलं, मोठा डाव मारल्यासारखं. मी तिथूनच धावत खाली गेलो. ताईंनी हॉस्पिटलला फोन लावला. लगेच घेऊन या, असं तिकडून सांगितलं. तोवर त्याला जिना उतरवेना.

फुफ्फुसं सुजली होती. स्टेरॉइड दिलं, मग मशीनवर ठेवलं. आधी कळायला हवं होतं, एवढंच डॉक्टरीणबाई बोलल्या. तो गेल्यावर त्यांनी सांगितलं की गाठ आणखी लहान झाली होती. ताईंनी मान हलवली.

पाटी भिंतीला टेकून उभी आहे. ताईंचं नाव पुरं, निळं, ठसठशीत. खाली लाल रेघ मध्यापर्यंत येते. जिथे तो थांबला तिथे रंगाचा एक थेंब जाड होऊन वाळला आहे. तिथून पुढे खडूची फिकी खूण, काठापर्यंत. ताई पाटीवरची धूळ झटकतात, ती खूण तेवढी सोडून.