टाइपरायटरच्या गळ्यातलं कार्ड

माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, मी एका मंगळवारी दुपारी मारून टाकलं. जुन्या वस्तूंच्या दुकानात, काउंटरला टेकून, दुकानदाराने दिलेलं पाणी पिता पिता. अण्णांना त्या वेळी साधी सर्दीसुद्धा नव्हती. ते घरी खुर्चीत बसून वर्तमानपत्रातल्या छपाईच्या चुका पेन्सिलीने सुधारत होते.

ही गोष्ट मी आजवर बायकोलाही सांगितलेली नाही. पण आधी अण्णा कोण ते सांगायला हवं, कारण दुकानात मी सांगितलं ते कुणी वेगळेच होते.

अण्णांनी एकोणचाळीस वर्षं कोर्टाबाहेरच्या फुटपाथवर बसून टायपिंग केलं. बाहेर म्हणजे अगदी बाहेर. कुंपणाच्या भिंतीला पाठ, पुढे घडीचं टेबल, दोन स्टुलं आणि वर भिंतीच्या गजांना सुतळीने बांधलेली काळी छत्री. टेबलावर टाइपरायटर आणि कागद उडू नयेत म्हणून चार गुळगुळीत दगड. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, नोटिसा, सगळं तिथे टाइप व्हायचं. त्यांना सगळे ‘टायपिंगवाले काका’ म्हणत. वकील आत जाताना हात करायचे. अण्णा मान हलवायचे, बोटं थांबवायचे नाहीत.

त्यांची कामाची एक रीत होती. गिऱ्हाईक जे लिहून आणेल ते आधी पूर्ण वाचायचं, चष्म्याच्या वरून त्याच्याकडे बघायचं आणि विचारायचं, ‘असंच हवं?’ एकदाच. उत्तर ज्याचा अर्ज त्यानेच द्यायचं. सोबतचा वकील, मेहुणा, शेजारी कितीही ‘हो हो’ म्हणाले तरी अण्णांची बोटं हलायची नाहीत. एकदा त्या माणसाने स्वतः ‘हो’ म्हटलं, की मग पुढचा प्रश्न, ‘किती प्रती?’ त्यानंतर मजकूर काय होता ते विसरून जायचं.

मी विचारायचो, ‘कुणी खोटं लिहून आणलं तर?’

‘शपथ त्याला घ्यायची असते. मला नाही,’ अण्णा म्हणायचे.

पण ‘असंच हवं?’ हे दोन शब्द ते असे काही विचारायचे की कित्येकांचा धीर सुटायचा. भावाने आपल्याला लोखंडी गजाने मारलं असं लिहून आणलेला एक धट्टाकट्टा माणूस माझ्यासमोर पाच मिनिटं बुटाच्या नाड्या बघत बसला आणि मग ‘उद्या येतो’ म्हणून गेला. तो परत काही आला नाही.

आता माझी गंमत सांगतो. अकरा वर्षांचा असताना मला शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा होता. तो टाइप केलेलाच हवा, अशी आमच्या हेडमास्तरांची हौस. शाळा सुटल्यावर मी फुटपाथवर गेलो, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसलो आणि कच्चा कागद पुढे केला. ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी लिहिलं होतं, ‘कोर्टात नोकरी.’ वर्गात माझ्या शेजारी बसणाऱ्याचे वडील दंतवैद्य होते, पलीकडच्याचे इंजिनिअर. फुटपाथ लिहायला माझा हात धजला नव्हता.

अण्णांनी कागद वाचला. चष्म्याच्या वरून बघितलं.

‘असंच हवं?’

‘हो,’ मी म्हणालो.

त्यांनी तसंच टाइप केलं. शिष्यवृत्ती मिळाली. मी शिकलो, विमा कंपनीत लागलो, टेबल मिळालं, मग केबिन मिळाली. त्या रकान्याबद्दल आमच्यात पुन्हा कधी शब्द निघाला नाही.

पुढे अण्णांचे हात थरथरायला लागले आणि गिऱ्हाईक कॉम्प्युटरकडे वळलं. त्यांनी छत्री सोडली, टेबल मिटलं. टाइपरायटर आमच्या माळ्यावर गेला. मागच्या वर्षी एकदा तेच म्हणाले, ‘गंजून जाण्यापेक्षा जाऊ दे कुणाकडे तरी. फक्त भंगारात नको घालूस.’ म्हणजे विकायला त्यांची हरकत नव्हती. विकण्याची मला लाज नाही. लाज पुढची आहे.

मशीन देण्याआधी अण्णांनी ते अर्धा दिवस पुसलं, तेल घातलं, तारखेचा शिक्का मारावा तसं एकेक अक्षर दाबून बघितलं. मी ते उचलून टॅक्सीत घातलं आणि दुकानात नेलं.

दुकानदार चाळिशीचा, केसांची शेंडी बांधलेला, बोलायला लाघवी. त्याच्याकडे प्रत्येक वस्तूच्या गळ्यात दोऱ्याने एक कार्ड अडकवलेलं होतं. घड्याळ कुणाचं, कंदील कुठल्या जहाजावरचा, कॅमेरा कुणी वापरला.

‘लोक वस्तू नाही, गोष्ट घेतात,’ तो म्हणाला. ‘हे कुणाचं?’

‘माझ्या वडिलांचं.’

त्याने आवाज खाली आणला. ‘आहेत?’

मी पाण्याचा घोट घेतला. का कोण जाणे, त्या खाली आणलेल्या आवाजाला ‘नाही’ हेच उत्तर शोभून दिसेल असं वाटलं. ‘गेले. मागच्या वर्षी.’

‘अरेरे. काय करायचे?’

आता एकदा मेलेच आहेत म्हटल्यावर त्यांना फुटपाथवर कशाला ठेवा? मी म्हणालो, ‘न्यायालयात वरिष्ठ अधिकारी होते. मोठमोठी निकालपत्रं याच मशीनवर टाइप व्हायची.’ माझ्या जिभेला काही हाड नाही. दुकानदाराने पेन्सिलीने सगळं टिपून घेतलं आणि आधी जे पैसे सांगितले होते त्याच्या दीडपट दिले. खोटं कशाला बोलू, दीडपटीसाठी मी हे केलं नव्हतं. ते मला ऐकायला बरं वाटत होतं म्हणून केलं होतं.

चार दिवसांनी दुकानदाराचा फोन आला. मी जेवत होतो, म्हणून फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला. तो लावू नये एवढी अक्कल मला असती तर बरं झालं असतं.

‘अहो, मशीन अडकलंय. वरची सरकती कॅरेज हलतच नाही. उद्या एक जण बघायला येणार आहेत. दुरुस्त करून द्या, नाहीतर परत न्या.’

अण्णा समोरच बसले होते. त्यांचा चेहरा उजळला. ‘बिघडलं नाही रे. हलवताना कॅरेज आपटू नये म्हणून मीच खिट्टी लावलीय. मागच्या बाजूला असते. सांगायचं राहिलं बघ. चल, मी येतो.’

‘तुम्ही कशाला? मला सांगा, मी काढतो.’

‘जन्मात कधी हात लावलायस का त्या मशीनला?’

तेही खरंच होतं. मी पाऊस येईल म्हणालो, गुडघे दुखतील म्हणालो, दुकानाला तीन पायऱ्या आहेत म्हणालो. अण्णांनी तोवर बूट घातले होते. आईने शिवलेलं मशीनचं कापडी झाकण घडी करून पिशवीत टाकलं, ते द्यायचं राहून गेलं होतं म्हणून. वाटेत बसमध्ये सांगून टाकावं असं तीनदा मनात आलं. तिन्ही वेळा मी खिडकीबाहेर बघितलं.

दुकानदार दारातच होता. ‘या या. आणि हे कोण?’

अण्णा माझ्याकडे बघून हसले, मुलगा ओळख करून देतो तेव्हा बाप हसतो तसे.

‘हे,’ मी म्हणालो, ‘हे मशीनचं काम जाणतात. दुरुस्तीसाठी आणलंय.’

अण्णांचं हसू लगेच गेलं नाही. थोडा वेळ तसंच चेहऱ्यावर राहिलं. मग ते मशीनकडे वळले आणि मागची खिट्टी बोटाने सरकवली. कॅरेज सुटली. घंटी वाजली.

‘एवढंच?’ दुकानदार हसला. ‘काका, तुम्हाला टाइप पण करता येतं?’

‘येतं थोडं.’

‘मग एक काम कराल? याचं कार्ड मी हाताने लिहिलंय, माझं अक्षर म्हणजे आनंद आहे. याच मशीनवर टाइप केलं तर शोभा येईल. मी वाचून दाखवतो.’

‘वाचू नका. द्या इकडे.’

अण्णांनी कार्ड हातात घेतलं. मी एका कंदिलाकडे टक लावून उभा राहिलो. कार्डावर लिहिलं होतं की हा टाइपरायटर न्यायालयातील एका दिवंगत वरिष्ठ अधिकाऱ्याचा असून त्यांच्या चिरंजीवांनी जड अंतःकरणाने तो दिला आहे. ‘जड अंतःकरण’ दुकानदाराचं होतं. बाकी सगळं माझं.

अण्णांनी ते पूर्ण वाचलं. कोरं कार्ड रोलरमध्ये घातलं, सरळ केलं. मग चष्म्याच्या वरून बघितलं.

‘असंच हवं?’

‘हो हो, अगदी असंच,’ दुकानदार म्हणाला.

अण्णांची बोटं हलली नाहीत. ते दुकानदाराकडे बघतच नव्हते.

मला तो बुटाच्या नाड्या बघणारा माणूस आठवला. त्याने भावावर घेतलेला आळ टाइप व्हायच्या आत मागे घेतला होता. मलाही एक वाक्य पुरलं असतं. ‘हे माझे वडील, फुटपाथवर बसायचे.’ दुकानदार फार तर हसला असता, फार तर पैसे परत मागितले असते. मला ते सगळं कळत होतं. शरमेने मी मेल्याहून मेल्यासारखा झालो होतो, आणि तरी त्या शेंडीवाल्या परक्या माणसासमोर खोटा ठरायचीच मला जास्त भीती वाटली.

‘हो,’ मी म्हणालो.

‘किती प्रती?’

‘एकच,’ दुकानदार म्हणाला.

अण्णांनी टाइप केलं. घरी चहाचा कप हिंदकळवणारे हात मशीनवर जवळजवळ स्थिर होते. ‘दिवंगत’ हा शब्दही त्यांनी बाकीच्या शब्दांच्याच वेगाने टाइप केला. एकही अक्षर खोडलं नाही. कार्ड काढून दुकानदाराला दिलं, पिशवीतलं झाकण काढून मशीनशेजारी ठेवलं. ‘बंद करताना हे घालत जा. धूळ बसते,’ म्हणाले.

‘कुठून शोधून काढलात हा माणूस?’ दुकानदाराने मला विचारलं. ‘अशी माणसं आता राहिली नाहीत.’

बाहेर आलो. बसथांब्यावर बाक होता, पण अण्णा बसले नाहीत. मी बराच वेळ शब्द जुळवत होतो.

‘अण्णा, माझं चुकलं,’ शेवटी म्हणालो. ‘तुम्ही गेलात असं मी...’

‘त्याचं काही नाही. माझ्या वयाला ते आज ना उद्या खरंच होईल.’

ते बस येणार होती त्या दिशेला बघत राहिले. मला वाटलं, झालं, विसरले. त्यांची रीतच होती तशी.

‘पण त्या फॉर्मच्या वेळी,’ अण्णा म्हणाले, ‘तू अकरा वर्षांचा होतास.’