वडिलांच्या रागातला शब्द

मूळ गाव विचारलं की वडील चिडायचे. आजी त्यांच्या जन्माच्या वेळीच गेली. आजोबा कामासाठी देवळाली कॅम्पात आले, आणि वडील चार वर्षांचे असताना तेही गेले. गावाचं नाव सांगणारं कुणी उरलंच नाही. "कॅम्प हेच आपलं गाव," म्हणून वडील विषय संपवायचे.

नव्वदच्या दशकात, माझ्या लग्नाआधी, मी हट्टाने नाशिकला गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर गेले. तिथल्या उपाध्यायांकडे यात्रेला येऊन गेलेल्या घराण्यांच्या नामावळ्या असतात, पण त्या गावावार लावलेल्या. आडनाव ऐकून गुरुजींनी मान हलवली. "हे आडनाव गावोगाव आहे, ताई. गाव सांगा."

गाव माहीत असतं तर आले असते कशाला? मी तणतणत उठले. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "वडील घरात बोलतात कसे?"

"आपल्यासारखंच. फार चिडले की तेवढं 'काय शे?' म्हणतात. आम्ही नक्कल करून हसतो."

गुरुजी हसले नाहीत. "'शे' म्हणजे 'आहे'. ही अहिराणी, बागलाण-खानदेशाकडची बोली. तुम्ही तिकडचे," म्हणत त्यांनी तिकडची बाडं काढली. तिसऱ्या बाडात आजोबांची सही सापडली. खाली मुलगा म्हणून वडिलांचं नाव, आणि शेजारी लिहिलेलं, 'हल्ली मुक्काम देवळाली कॅम्प'.

घरी येऊन मी गावाचं नाव सांगितलं. वडील अजिबात न चिडता, हळूच म्हणाले, "खरं शे?"