पाहाले उघडली का लिहाले?

सुपडाजींनी मला पहिली थप्पड मारली तेव्हा माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं आणि त्यांच्या स्टुडिओत कामाला लागून जेमतेम तास. टेबलावर काचेची एक निगेटिव्ह पडलेली दिसली, ती मी उचलून खिडकीकडे धरली. ज्या बाजूला चित्राचा थर असतो नेमक्या त्याच बाजूला, कुणा नवरीच्या गालावर, माझा अंगठा टेकला. पुढच्या क्षणी माझ्या स्वतःच्या गालावर त्यांचा पंजा बसला.

"पाहाले उघडली का लिहाले?" त्यांनी विचारलं.

मला प्रश्नच कळला नाही. गाल चोळत मी म्हणालो, "पाहायला."

"मंग कडा धरून पाह्य. हात काऊन लावतो बे?"

मी जानेफळचा. ड्रॉइंग मास्तर व्हायला निघालो होतो, परीक्षेत आपटलो आणि डोणगावच्या बाजारातल्या या स्टुडिओत येऊन पडलो. सुपडाजी मला मास्तर म्हणत. त्यात निम्मी थट्टा होती, पण थपडा पूर्ण असत. पहिल्या महिन्यात मी चार खाल्ल्या. बायकोला सांगितलं, दाढ दुखते. तिने लवंग दिली.

माझं काम लिहिण्याचं. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने आणि बारीक चाकूने चेहरे दुरुस्त करणं, याला सुपडाजी 'लिहिणं' म्हणत. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. पेन्सिल फिरवली की छापल्यावर तेवढी जागा उजळते, चाकूने खरवडलं की काळी पडते. त्या काळात तोंडावर देवीचे व्रण असलेली माणसं घरोघर होती आणि मुलीचा फोटो स्थळाकडे पाठवायचा म्हणजे ते व्रण घालवायचेच. दिवसभर मी खिडकीशी बसून गाल गुळगुळीत करायचो.

पण त्याआधी सुपडाजींचा एक नियम पाळावा लागे. कोणतीही प्लेट, म्हणजे ती काचेची निगेटिव्ह, पाकिटातून बाहेर काढली की प्रश्न ठरलेला, पाहाले उघडली का लिहाले? पाहायची असेल तर कडा धरून पाहायची आणि परत ठेवायची. लिहायची असेल तर पेन्सिल लावण्याआधी, जशी आहे तशी एक प्रत कागदावर छापून घ्यायची. त्या प्रतीला ते साक्षी म्हणत. अशा शेकडो साक्षी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरून फळीवर ठेवलेल्या असत. फुकटचा कागद जातो, असं मी एकदा बोलून गेलो. ती माझी तिसरी थप्पड.

"घासलेलं वापस येत नाई, मास्तर. त्या मानसाचं मूळ आपल्यापाशी ठिवाव लागते. तू का ब्रह्मदेव हाय का, थोबाड बदलून राह्यला तं?"

एकदा एका नवऱ्या मुलाचा काका काठी घेऊन दुकानात शिरला. मुलीच्या तोंडावर व्रण आहेत आणि फोटोत नाहीत, ही फसवणूक आहे, वगैरे. सुपडाजींनी शांतपणे डबा उघडून साक्षी काढली आणि त्याच्या हातात दिली. "मांगनाऱ्याले दाखोतो. तुमी मांगलीच नाई." काकाने काठी उगारली. ती सुपडाजींनी हिसकावली, गुडघ्यावर मोडली आणि तिच्याच तुकड्याने त्याचं डोकं फोडलं. मग त्याच्या डोक्याला हळद लावून पट्टी बांधली, चहा पाजला आणि साक्षी परत डब्यात ठेवली. ते लग्न झालं. तो काका पुढे दर दिवाळीला नातवंडांना घेऊन फोटो काढायला यायचा.

सुपडाजींच्या आधीची मुलं जगली नाहीत म्हणून जन्मल्याबरोबर त्यांना सुपात घालून ओवाळलं होतं, तेच नाव राहिलं. उंच, काळे, हात फावड्यासारखे. सगळ्या देहात देखणं होतं ते फक्त नाक, सरळ आणि धारदार. त्याचा त्यांना मोठा गर्व. दुकानाच्या काचेत नवरानवऱ्यांच्या रांगेत त्यांनी स्वतःचा एका बाजूने काढलेला फोटो लावला होता, केवळ नाकासाठी. "याच्यावर लिहाव लागलं नाई," असं येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत.

वडील लवकर वारल्यामुळे धाकटा भाऊ मोतीराम याला त्यांनीच वाढवला, म्हणजे मारून मारूनच वाढवला. मोतीराम गावाकडे शेती बघायचा. गावाचं नाव लिहीत नाही, ती माणसं अजून तिथे नांदतात. मोतीरामची छाती भावापेक्षा रुंद आणि राग भावाइतकाच. फरक एवढाच की सुपडाजींचा राग थप्पड दिली की संपायचा.

त्या गावात पोळ्याला तोरणाखालून पहिली जोडी कोणाची जायची, यावरून दोन भावक्यांत तीन वर्षं धुसफूस होती. पाटीलकी गेली होती, मान मात्र दोघांनाही हवा होता. त्या वर्षी मान मोतीरामच्या भावकीकडे आला आणि तोरणाखाली जोडीचा फोटो काढायला सुपडाजींना बोलावणं आलं. मी सामान धरायला सोबत होतो.

उतरतं ऊन होतं. बैलांची शिंगं रंगवलेली, पाठीवर झुली. सुपडाजी काळ्या कापडात डोकं घालून कॅमेरा जुळवून बाहेर आले, प्लेट चढवली आणि खटक्याची वायर हातात घेऊन उभे राहिले. तेवढ्यात समोरच्या भावकीतल्या नारायणने आपली जोडी मधे घुसवली. शिवी आली, काठी आली. बैल उधळले आणि धूळ उडाली. एका माणसाच्या पोटात शिंग शिरलेलं मी पाहिलं. त्याला दोन्ही हातांनी पोट धरून खाली बसताना पाहिलं, आणि मी कॅमेऱ्यामागे लपलो. तोरणाचे बांबू तोडायला आणलेली कुऱ्हाड खांबाला टेकवलेली होती. ती कोणीतरी उचलली. लाकूड फुटावं तसा आवाज झाला. त्याच वेळी माझ्या कानाजवळ खटका वाजला.

धूळ बसली तेव्हा नारायण तोरणाखाली पडला होता. मानेपासून छातीपर्यंत चिरलेला. त्याच्याजवळ कुऱ्हाड हातात धरून किसन उभा होता. किसन हा मोतीरामकडे सालाने राहिलेला गडी. नारायणच्या लोकांनी त्याला बैलांच्या कासऱ्याने खांबाला बांधून मारलं. त्याचे दात माझ्या पायाशी येऊन पडले. तो एकच म्हणत होता, "म्या फक्त उचलली." मग मारलं कोणी, असं विचारलं की गप्प. मालकाचं नाव त्याच्या तोंडून निघालं नाही. पोलीस येईपर्यंत तो कसाबसा जिवंत राहिला.

स्टुडिओत परतल्याबरोबर सुपडाजींनी अंधाऱ्या खोलीत प्लेट धुतली. लाल दिव्यापुढे ती कडा धरून पाहिली आणि बराच वेळ पाहतच राहिले. मीही पाहिली. उलट्या रंगातसुद्धा ओळखू येत होतं. कुऱ्हाड डोक्यावर उगारलेला मोतीराम, चेहरा थेट आमच्याकडे. कडेला किसन, दोन्ही हात रिकामे.

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदाराचा निरोप आला, पोळ्याची प्लेट दुपारी द्यावी. निरोप्यामागोमाग मोतीराम आला. त्याने दार लावून घेतलं.

"दादा, ते काच फोडून टाक."

"फोडली तं फौजदार मले इचारीन. नाई फोडत."

मोतीरामने कॅमेऱ्याच्या तीन पायांच्या लाकडी घोडीचा एक पाय उपटला आणि भावाच्या तोंडावर हाणला. पहिल्याच फटक्यात नाक मोडलं. दुसरा खांद्यावर, तिसरा बरगडीत. मी मधे गेलो तर मला असा ढकलला की भिंतीवरचे फोटो माझ्या अंगावर आले. एका हाताने वाघासारखी माणसं लोळवणारे सुपडाजी मार खात उभे होते. हात वर केला नाही. रक्त दाढीवरून सदऱ्यावर उतरत होतं आणि ते पुनःपुन्हा सांगत होते, "नाई म्हनलं ना तुले. नाई."

मग मोतीरामने लाकूड टाकलं, खाली बसून भावाचे पाय धरले आणि म्हणाला, "दादा, मले फाशी होईन. मायले कोन सांगन?"

मारानं जे झालं नव्हतं ते त्या एका वाक्यानं झालं. सुपडाजींनी धोतराच्या सोग्याने नाक दाबलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मास्तर, प्लेट उघड. लिहाले."

"साक्षी काढू?"

"नको."

प्लेट घेऊन मी अंधाऱ्या खोलीत गेलो आणि साक्षी काढली. मी शूर नाही. न्यायाचा, किसनचा, कोणाचाच विचार तेव्हा डोक्यात नव्हता. लिहायची प्लेट हातात आली की आधी कागद लावायचा, हे माझ्या गालाला पाठ झालं होतं, एवढंच. ओली प्रत डब्यात सरकवली आणि मग चाकू घेऊन मोतीरामचा चेहरा खरवडून काढला. त्यावर पेन्सिलीने धूळ उडवली. काम सुबक झालं. छापल्यावर कोणालाही वाटलं असतं की कुऱ्हाडवाल्याचं तोंड धुळीत गेलंय. दुपारी पोलिसाने प्लेट नेली.

त्यानंतरचे दोन महिने सुपडाजींनी मला एकही थप्पड मारली नाही. मी मुद्दाम अंगठा लावून प्लेट धरली तरी नुसतं बघत. पाहाले का लिहाले, हा प्रश्नसुद्धा बंद झाला. नाक वाकडंच बसलं होतं. काचेतला फोटो त्यांनी काढून टाकला. मला त्या दिवसांत त्यांची फार भीती वाटायची, मारत होते तेव्हा कधी वाटली नव्हती इतकी. डब्यातल्या प्रतीबद्दल मी बोललो नाही. बोललो तर काय होईल ते कळत नव्हतं, आणि न बोलणं सोपं होतं.

एका दुपारी किसनची बायको आली. कडेवर पोर, पायात काही नाही.

"भाऊ, त्याइले फाशी होईन म्हंतेत. घरात एक फोटो नाई. तुमच्या पोळ्याच्या फोटोत आमचा मानूस दिसते म्हने. मले देऊ नका. नुसता पाहू द्या."

सुपडाजी खुर्चीतून उठले आणि आत गेले. अंधाऱ्या खोलीतून काचा फुटल्याचा आवाज आला. मी गेलो तर ते कोऱ्या प्लेटा एकेक करून भिंतीवर आपटत होते. दोन्ही हात रक्ताने भरले होते.

मी म्हणालो, "भाऊ, साक्षी आहे."

मी डबा उघडून प्रत त्यांच्यापुढे धरली. त्यांनी रक्ताचे हात सदऱ्याला पुसले, कडा धरून प्रत पाहिली आणि मला अशी थप्पड मारली की कान दिवसभर वाजत राहिला.

"मंग दोन महिने काऊन नाई सांगतलं बे?"

मला रडू आलं आणि बरंही वाटलं. त्यांनी ती प्रत बाहेर नेऊन किसनच्या बायकोला दाखवली. तिने कडेला उभ्या असलेल्या नवऱ्यावर बोट ठेवलं, अगदी अंगठ्यासकट. मग सुपडाजींनी प्रत पाकिटात घालून खिशात ठेवली. टोपी घातली आणि बुलढाण्याच्या गाडीत बसले.

कोर्टात त्यांनी सगळं सांगितलं, एक गोष्ट सोडून. "साहेब, प्लेट म्या घासली. या मास्तरनं फक्त साक्षी काढली." ज्या माणसाच्या फावड्यासारख्या बोटांत माझी पेन्सिल नीट मावायचीही नाही, त्याने शपथेवर हे खोटं सांगितलं आणि मी मान खाली घालून उभा राहिलो. त्यांना सहा महिन्यांची सजा झाली. मोतीरामला जन्मठेप. किसन सुटला, दातांशिवाय. आई मरेपर्यंत सुपडाजींशी बोलली नाही. सुटून आल्यावर एकदा ते तिच्या दारात गेले, तेव्हा तिने चुलीतलं जळतं लाकूड फेकून मारलं. मनगटावरचा तो डाग त्यांनी कधी झाकला नाही. म्हणाले, "बराबर हाय तिचं."

शिक्षा भोगून मोतीराम आला तेव्हा केस पांढरे झाले होते. भावाकडे गेला नाही, गावातच राहिला. पुढच्याच वर्षी सुपडाजी गेले. तेराव्याच्या आधी भिंतीवर लावायला फोटो हवा होता. त्यांचा शेवटचा फोटो मीच काढला होता, समोरून, वाकडं नाक स्पष्ट. त्यांच्या मुलाने विचारलं, "काका, नाक सरळ करता येईल का? आधी किती छान होतं."

मी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. दारात मोतीराम उभा होता. कधी आला ते कळलं नाही. मी निगेटिव्ह पाकिटातून काढली आणि सवयीने त्याला विचारलं, "पाहाले उघडली का लिहाले?"

तो आत आला. माझ्या हातातून निगेटिव्ह घेतली, कडा धरून. खिडकीकडे बराच वेळ धरली.

"पाहाले," तो म्हणाला. "नाक म्या मोडलं, मास्तर. तसंच छापा."

फोटो तसाच छापला. त्या निगेटिव्हची साक्षी मी काढली नाही. तिच्यावर काही लिहिलंच नव्हतं.