दुसरा रिमोट

टीव्ही गेम बनवणाऱ्या कंपनीत मी चार वर्षं काढली, असं सांगितलं की लोक आधी माझ्या पांढऱ्या केसांकडे बघतात आणि मग विचारतात, "म्हणजे पॅकिंगला होतात का?" पॅकिंगला नव्हते. मी पोरी काढायचे. ग्राफ पेपरवर सोळा घरं आडवी, सोळा घरं उभी, एवढ्या जागेत एक अख्खी पोर बसवायची, फ्रॉक, वेणी, मोजे यांच्यासकट, आणि तेही फक्त तीन रंगांत. यंत्राला चौथा रंग झेपत नसे. नाक काढलं तर डोळ्यांना जागा उरायची नाही, म्हणून माझ्या सगळ्या पोरी बिननाकाच्या होत्या.

हे काम मला मिळालं ते कापडाच्या धंद्यामुळे. गिरगावात असताना मी एका डिझायनरकडे साडीच्या काठांचे ग्राफ रंगवत असे. तिथली शिस्त अशी, की ज्या कारागिराने आपलं तोंड कधी पाहिलेलं नाही, त्याने नुसता कागद समोर ठेवून काठ विणला पाहिजे. प्रत्येक ओळीला आकडा, प्रत्येक रंगाला खूण, कडेला सूचना. चूक झाली तर ती कागदाची, विणणाऱ्याची नव्हे. ही सवय माझ्या हाडात मुरली होती आणि तिचा मला फार अभिमान होता.

पुढे डिझायनर गेले, चाळीतली खोली विकली गेली, भाऊ त्याच्या संसाराला लागला आणि आई आणि मी भाईंदर पूर्वेला, गोडदेवजवळ नव्या बिल्डिंगमध्ये राहायला आलो. चाळीतल्या सवयीने आईने पहिला महिनाभर दार सताड उघडं ठेवलं. एके दिवशी समोरच्या बाईंनी अगदी मनापासून विचारलं, "आंटी, कुछ चाहिए क्या?" आईने "नही नही" म्हणून दार लावून घेतलं. मग ते लावलेलंच राहिलं. मला तिच्यापेक्षा बरं होतं, मला निदान कामावर जायला होतं. तिथे दिवसभर कागदाशीच गाठ होती, ही गोष्ट वेगळी.

कंपनी म्हणजे इंडस्ट्रियल इस्टेटमधले दोन गाळे. आमचे शेठ आधी टीव्हीचे स्टॅबिलायझर बनवत. केबल घरोघर आली, बाहेरच्या देशातून सुटे भाग मिळू लागले, तेव्हा त्यांनी टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र जुळवायला घेतलं. डबा, वायर, हातात धरायचे दोन रिमोट आणि वर खोचायची कॅसेट. जुळणीला काशीगाव, वरसावे अशा आसपासच्या गावांतल्या बायका होत्या. वर काचेच्या केबिनमध्ये मोठी माणसं बसत, आणि ती काही टिकत नसत.

पहिले मॅनेजर मिक्सरच्या कंपनीतून आले होते. त्यांचं म्हणणं, लोक आकडा बघून घेतात, कॅसेटमध्ये जास्तीत जास्त गेम हवेत. मग एकाच गेमला वेगवेगळी नावं देऊन यादी फुगवली. वर्ष सरायच्या आत ते पेजरच्या कंपनीत गेले. दुसऱ्यांचं म्हणणं, यंत्र विकायचंच कशाला, गल्लोगल्ली तासावर खेळायला द्यावं. तेही गेले, कुठे ते शेठनी सांगितलं नाही. दर नव्या मॅनेजरबरोबर नवं धोरण, आणि दर नव्या धोरणाला सत्यनारायण. यंत्राच्या डब्याला हळदकुंकू, रिमोटला फूल. पहिल्या पूजेला मी हात जोडून बसले होते. चौथ्या पूजेला नुसती शिऱ्याला गेले. शेठ मात्र दर वेळी तितक्याच भक्तीने बसत, खोटं कशाला बोलू.

या सगळ्या येण्याजाण्यात एक माणूस हलला नव्हता, ते आमचे टेक्निकलचे सर. पन्नाशी उलटलेले, सरकारी इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यातून लवकर निवृत्ती घेऊन आलेले, पत्नी गेलेली, मुलगा परदेशी. बोलणं मोजकं. त्यांनीच शेठना पटवलं होतं की दुसऱ्यांचे गेम किती दिवस विकणार, एक तरी आपला काढू. तो गेम म्हणजे लगोरी. प्रोग्राम त्यांचा, चित्रं माझी.

पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "तुम्ही लगोरी खेळलाय का?"

"चाळीत दुसरं केलंय काय?" मी म्हटलं.

"मग सांगा, त्यात मजा कशाची असते? नेम लागण्याची?"

मला असं कोणी कधी काही विचारलं नव्हतं. काठ कुठला, रंग कुठला, कधी देणार, एवढंच विचारत. मी खूप विचार करून म्हटलं, "नेमाची नाही. आपण दगड रचत असताना समोरची चेंडू घेऊन टपलेली असते ना, तिची."

सरांनी ते वहीत लिहून घेतलं. त्या एका वाक्यावर त्यांनी गेम बांधला. दोन रिमोट, दोन पोरी. एकीने फोडलेली लगोरी पुन्हा रचायची, दुसरीने तिला चेंडू मारायचा, मग पाळी बदलायची. मी म्हटलं, एकट्याने खेळायची सोय नको का? ते म्हणाले, "यंत्राला चेंडू मारायला शिकवता येईल हो. पण ते चिडत नाही, हसत नाही. त्याच्याशी जिंकून करायचं काय?"

लाल फ्रॉकवाली मी काढली ती माझी मीच होते. हिरव्या फ्रॉकवाली, लांब वेणीची, ती चाळीत खालच्या मजल्यावर राहणारी माझी मैत्रीण. ती लग्न होऊन खानदेशात गेली आणि दोन पत्रांनंतर तिचं लिहिणं थांबलं. तिची वेणी धावताना उडावी म्हणून मी चार वेगळी चित्रं काढली. एवढी मेहनत मी कुठल्याच पैठणीवर केली नसेल.

गेम पहिल्यांदा उभा राहिला तो दुपारच्या सुट्टीत. जुळणीतल्या बायका डबे सोडून टीव्हीभोवती जमल्या. काशीगावची एक दणकट बाई माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, यो खेल आमचे गावान पन हाय. पन मोजे घालून कोन खेलत न्हाय!" सगळ्या हसल्या. मग तिने रिमोट घेतला आणि शेजारणीच्या पडद्यावरच्या पोरीला असा काही चेंडू हाणला की शेजारीण खुर्चीवरून उठून खरोखर तिला मारायला धावली. सर मागे उभे होते. ते मला हळूच म्हणाले, "बघा, चिडली." त्या दुपारी मला चाळ सोडल्यापासून पहिल्यांदा बरं वाटलं.

महिनाभरात पाचवे मॅनेजर आले. हे शाळेची गाइडं विकणाऱ्या कंपनीतून आले होते. त्यांचं धोरण असं, की आईबाप खेळासाठी खिशात हात घालत नाहीत, अभ्यासासाठी घालतात. तेव्हा यंत्राला टाइपरायटरसारखी बटणं जोडायची आणि त्याला कॉम्प्युटर म्हणायचं. दुसरा रिमोट काढून टाकायचा, कारण अभ्यास दोघांत करत नाहीत. आणि लगोरी? लगोरी ठेवायची, पण दगडांवर आकडे घालायचे. पडद्यावर सात आठे विचारलं की छप्पन्नच्या दगडाला नेम मारायचा आणि लगोरी परत रचायची. खेळणारी पोर एकच.

केबिनमध्ये सरांचा आवाज चढलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा आणि शेवटचा ऐकला. बाहेर आले ते सरळ माझ्या टेबलाशी. म्हणाले, "मी चाललो. बंगलोरला टेलिफोनच्या कारखान्यात एक जण केव्हाचा बोलावतोय. प्रोग्राम घेऊन जाणार नाही, तो कंपनीचा आहे. पण कुठलं चित्र त्यात कुठे बसलंय ते तुमच्या कागदांवरच आहे, त्यांच्याशिवाय तो कोणाला मोडता येणार नाही. दोन महिने कळ काढा. चित्रं हरवली म्हणा, फाटली म्हणा, पुन्हा काढतेय म्हणा. हेही मॅनेजर टिकणार नाहीत. ते गेले की शेठ मला फोन करतील."

मी म्हटलं, "सर, तुम्ही काळजी करू नका."

निरोपाला शाल आणि नारळ देऊन शेठनी त्यांना यंत्राचा डबाही दिला, नवा, एकाच रिमोटचा. सरांनी तो तिथेच टेबलावर ठेवला, शाल आणि नारळ तेवढे घेतले. मी फाटकापर्यंत गेले नाही. रडू येईल अशी भीती होती, आणि तिथे जुळणीतल्या सगळ्या बायका उभ्या होत्या.

दोन महिने कळ काढायची होती. मी अकरा दिवस काढली.

बाराव्या दिवशी शेठनी बोलावलं. ओरडले असते तर बरं झालं असतं, मलाही मग ओरडता आलं असतं. त्यांनी चहा मागवला. "बेन, लगोरी तो निकलेगी, मैंने कब ना बोला? पण आप पेपर नहीं देंगे तो ये साहब बोलते हैं, लगोरी छोडो, सिर्फ पहाडे रखो. फिर आपकी मेहनत का क्या?"

मी तिथे बसून काय विचार केला, तो मला आजही शब्दाला शब्द आठवतो. वाटलं, दोघींची नाही तर एकीची, पण निघू तर दे. कुठल्यातरी घरात, कुठल्यातरी टीव्हीवर माझी पोर धावेल. सरांचा फोन येईपर्यंत सगळंच कचऱ्यात गेलं तर? नोकरीची भीती नव्हती, असं मी पुढे स्वतःला बरेच दिवस बजावत होते. खरं तर मला माझी पोर बघायची होती, बस्स. मी टेबलाच्या खणातून फाइल आणून दिली.

आणि मग माझ्या त्या शिस्तीने माझा घात केला. प्रत्येक ओळीला आकडा, प्रत्येक रंगाला खूण, कडेला सूचना. सरांच्या जागी आलेल्या नव्या इंजिनिअरने आमचं तोंडही नीट पाहिलं नव्हतं, पण त्याने कागद समोर ठेवले आणि तीन आठवड्यांत सरांचा गेम उसवला. मला येऊन म्हणाला, "मॅडम, तुमची पेपरं एक नंबर आहेत, काय विचारायलाच लागलं नाही." कौतुकच करत होता बिचारा.

कॅसेटच्या चिपमध्ये आकड्यांना जागा करायची म्हणून एक पोर काढून टाकायची होती. कुठली, ते त्याने माझ्यावर सोपवलं. मी हिरवी काढली. तिच्या वेणीला घरं जास्त लागत होती, असं कारण मी त्याला दिलं. ते खोटं नव्हतं, आणि खरंही नव्हतं. तिच्या चार चित्रांवर मी पेन्सिलने फुली मारली. माझ्यावर मारायला हात धजला नाही.

कॅसेट निघाली. सत्यनारायण झाला. शेठनी मला एक यंत्र घरी दिलं. आईने हौसेने समोरच्या बाईंना बोलावून सांगितलं, "हमारी लडकी टीव्ही में काम करती है." बाईंनी पाच मिनिटं बघितलं. लाल पोर एकटीच उभी राहून आकड्यांना चेंडू मारत होती. "अच्छा है, पढाई का है," म्हणून त्या गेल्या. मग मीच बसले. सात आठे, नऊ सक, बारा चोक. दगड रचताना मागून कोणी येत नव्हतं. कितीही वेळ लावला तरी चालत होतं. मी यंत्र गुंडाळून माळ्यावर टाकलं.

फोन आमच्या घरी नव्हता. खालच्या किराणा दुकानाचा नंबर आम्ही सगळ्यांना दिला होता. एका रविवारी, जेवणं उरकली होती, दुकानदाराने खालून हाक मारली, "मॅडम, बंगलोर से फोन है, जल्दी!" मी चपला न घालताच उतरले.

"निघाली का हो लगोरी?" सरांचा पहिलाच प्रश्न. हॅलो नाही, काही नाही.

"निघाली, सर."

"दोघांची?"

दुकानात साबण घ्यायला आलेल्या दोन बायका होत्या. दुकानदार गूळ फोडत होता. मी म्हटलं, "हो. दोघांची."

पलीकडे ते इतके मोठ्याने हसले की मी रिसीव्हर कानापासून लांब धरला. "म्हणजे तुम्ही तग धरलात! मला खात्री होती हो. शेठ नरमणार, हे मला माहीतच होतं. तुम्ही खेळता की नाही?"

"खेळते ना. रोज."

"कोणाबरोबर?"

हे विचारतील असं मला वाटलंच नव्हतं. मी म्हटलं, "आईबरोबर."

"वा! आईंना रिमोट दिलात! चिडतात का?"

"खूप चिडते."

"मग एक काम करा. एक यंत्र मला पाठवा. दोन्ही रिमोट ठेवा बरं का पेटीत. इथे संध्याकाळी करायला काही नसतं. भाषा येत नाही, ओळखी नाहीत. आमच्या बिल्डिंगचा वॉचमन तेवढा बोलतो, त्यालाच घेऊन बसेन. पत्ता घ्या लिहून."

मी दुकानदाराकडून पेन्सिल मागून घेतली आणि वाण्याच्या पुडीच्या कागदावर पत्ता लिहिला. नेहमीसारखा, स्वच्छ, ओळीखाली ओळ.

पुढच्या रविवारी दुकानदाराने पुन्हा हाक मारली. मी खिडकीतून म्हटलं, "बोलो, घर पे नहीं है." त्याच्या नंतरच्या रविवारीही तेच सांगितलं. आई म्हणाली, "अगं, माणूस बंगलोरहून फोन करतोय, एक शब्द बोललीस तर काय जाईल तुझं?" मी म्हटलं, ऑफिसचं काम आहे, तुला कळायचं नाही.

तिसऱ्या रविवारी मी दिवसभर खिडकीशी बसून होते. आज हाक आली तर खाली जायचं, खरं काय ते सांगायचं आणि ते जे बोलतील ते ऐकून घ्यायचं, असं सकाळीच ठरवलं होतं. दुकानदाराने दोन वाजता दुकान लावलं, चारला पुन्हा उघडलं, साडेआठला बंद केलं. त्याने कोणालाच हाक मारली नाही.