शनवार तेल्यांचा पुरावा

मी ज्यू आहे की नाही, हे मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी ईमेलवरून विचारण्यात आलं. विचारणारं कार्यालय हॉलंडमधल्या एका शहरातलं, आणि त्यांना उत्तर पंधरा दिवसांत हवं होतं. इतक्या वर्षांनी आताच एवढी कसली घाई सुटली होती, कोण जाणे.

झालं होतं असं. माझी एकुलती एक मुलगी तिकडे नोकरीला होती. सदाशिव पेठेत दर दोन घरं सोडून कॉम्प्युटर क्लासची पाटी लागायची त्या दिवसांत आमच्या ह्यांनी तिला एका क्लासला घातलं आणि वर्षभर रोज संध्याकाळी रास्ता पेठेतून स्कूटरवर नेऊन सोडलं. पुढे दोन हजार सालच्या त्या कॉम्प्युटरच्या गोंधळात कंपनीने तिला तीन महिन्यांसाठी म्हणून हॉलंडला पाठवलं, आणि ती तिथेच राहिली. ऑफिसात एक मुलगा भेटला. ज्यू निघाला. मी देवाचे आभार मानले, कारण आमच्यातली लग्नाची मुलं निम्मीअधिक इस्राएलला निघून गेली होती. मुलाच्या घरच्यांना लग्न त्यांच्या पिढ्यानपिढ्यांच्या सिनेगॉगमध्ये हवं होतं, आणि मुलीलाही तेच हवं होतं. त्यासाठी ती जन्माने ज्यू आहे हे त्या कार्यालयाला पटायला हवं. ज्यूपण आईकडून येतं, म्हणून सगळा प्रश्न माझ्यावर आला. तुमच्या आईवडिलांच्या लग्नाचा करार पाठवा, म्हणाले.

तो करार पानशेतच्या पुरात गेला. आम्ही तेव्हा नदीकाठच्या भाड्याच्या खोलीत राहत होतो. पाणी चढलं तेव्हा आईने माझा आणि धाकट्या भावाचा हात धरला, ट्रंक तिथेच राहिली. चुकलंच तिचं. पुढे हॉलंडहून विचारणा होणार आहे हे तिला कळायला हवं होतं.

मग मी माझ्या पद्धतीने कामाला लागले. स्वेच्छानिवृत्ती घेईपर्यंत सगळा जन्म बँकेत काढलेला, कागदाला कागद कसा जोडायचा हे मला कुणी शिकवायला नको. आमच्या सिनेगॉगच्या कमिटीचं पत्र घेतलं. शेजारी एक निवृत्त हेडमास्तर राहत, चित्पावन, शिस्तीचे. त्यांनी आपणहून दाखला लिहून दिला: “मी ह्या कुटुंबास गेली एकतीस वर्षे ओळखतो. शनिवारी ह्यांच्या घरी शेगडी पेटत नाही. ह्यांच्या धर्मनिष्ठेबद्दल शंका घेण्यास जागा नाही.” त्यावर गॅझेटेड ऑफिसरची सही आणि शिक्का. रेशनकार्डापासून पासपोर्टापर्यंत आमचं सगळं असंच झालं होतं. शेजाऱ्याचा शब्द आणि गोल शिक्का, यापलीकडे जगात आणखी काही पुरावा लागतो हे माझ्या गावीही नव्हतं. आणि सगळ्यात वर, हुकमाचा एक्का म्हणून, मी मलिद्याचा फोटो जोडला.

मलिदा आमच्यात शुभकार्याला होतोच. भिजवलेल्या पोह्यांत गूळ, खोबरं, सुका मेवा कालवायचा, वर पाच फळं आणि गुलाब ठेवायचा. ताट मध्ये ठेवून हिब्रू प्रार्थना म्हणायच्या आणि एलियाहू नबीची आठवण करायची. फोटो होता मुलगी परदेशी निघाली त्या दिवसाचा. ह्यांनी स्वतः मंडईत जाऊन एकेक फळ दाबून, वास घेऊन आणलं होतं. फोटोत हे डोक्यावर टोपी घालून, प्रार्थनेचं पुस्तक हातात धरून उभे आहेत, शेजारी मुलगी आहे. त्यानंतर सहा महिन्यांनी हे गेले. माझ्या घरात आमच्या ज्यूपणाचा याहून मोठा पुरावा नव्हता. सायबर कॅफेत जाऊन तो स्कॅन करून घेतला आणि पाठवून दिला.

उत्तर आलं. पुण्याच्या सिनेगॉगला रब्बी, म्हणजे धर्मगुरू, नाही, सबब कमिटीचं पत्र चालणार नाही. दाखला देणारा शेजारी ज्यू नाही, सबब तोही चालणार नाही. आणि फोटोत हिंदू पद्धतीचा नैवेद्य दिसतो. तरी मुलीने रीतसर धर्मांतर करून ज्यू व्हावं, मग लग्नाचं बघू.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नैवेद्य म्हणे! आमचं गलबत कोकणच्या किनाऱ्यावर फुटलं तेव्हा ना पोथी उरली ना पुरोहित, असं आमच्यात सांगत आले आहेत. वाचले त्यांनी तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी घाणा बंद ठेवला. अहो, शेकडो वर्षं कुणी बघायला नव्हतं, कुणी शाबासकी द्यायला नव्हतं, तरी दर शनिवारी बैल सोडून ठेवले. गावाने ते बघून आम्हाला शनवार तेली म्हटलं. याहून मोठा दाखला कुठल्या रब्बीने दिला असता? इथे आम्हाला कुणी हाकललं नाही, कुणी घरं जाळली नाहीत. मग आम्ही नऊवारी नेसलो, मंगळसूत्र घातलं, पोहे खाल्ले आणि मराठीत भांडलो. शेजारी नीट वागले हा आता आमचा गुन्हा झाला.

हे सगळं मी मुलीला फोनवर ऐकवलं. माझं संपल्यावर ती म्हणाली, “आई, मला लग्न करायचंय. खटला जिंकायचा नाहीये.”

मी आठ दिवस तिच्याशी बोलले नाही. नवव्या दिवशी मीच फोन केला, कारण दुसरं करणार काय? तिने वर्ग सुरू केले होते. शनिवारचा शब्बाथ म्हणजे काय हे माझ्या मुलीला शिकवायला एक डच बाई बसवली होती. माझ्या मुलीला, जी पाच वर्षांची असल्यापासून शुक्रवारी संध्याकाळी माझ्याबरोबर दिवा लावत आली! ती म्हणाली, शेवटी काही प्रश्न विचारतात आणि पाण्यात बुडी घ्यायची असते, बस. मी म्हटलं, बरं. बुडीने माणूस बदलत नाही, अशी मी मनाची समजूत घातली. तो मी नीट विचारही न करता दिलेला होकार होता.

वर्षाने लग्नासाठी गेले. आदल्या आठवड्यात मुलाचे आजोबा मला तिथल्या ज्यूंच्या इतिहासाचं एक संग्रहालय दाखवायला घेऊन गेले. म्हातारा गोड होता, उगाच खोटं कशाला बोलू. इंग्रजीत सावकाश समजावून सांगत होता. त्यांचे पूर्वज पोर्तुगालहून आलेले. तिकडे जिवाच्या भीतीने पिढ्यानपिढ्या ख्रिस्ती म्हणून जगले, रविवारी चर्चला गेले, पोरांना बाप्तिस्मा दिला. हॉलंडला व्यापाराला आले तेव्हा कित्येकांना हिब्रूचं एक अक्षर येत नव्हतं. हळूहळू सिनेगॉग बांधू दिलं, मग जर्मनी-पोलंडकडून गरीब ज्यू आले, जुने कपडे विकत दारोदार फिरले. पोर्तुगालवाले त्यांच्याकडे नाक मुरडायचे. कारागिरांचे संघ ज्यूंना आत घेत नसत. पुढे कधीतरी सगळे बरोबरीचे नागरिक झाले, हिऱ्यांना पैलू पाडायला लागले, शहराच्या बोलीत त्यांचे शब्द गेले. आणि मग युद्ध. तिथे एका भिंतीवर नुसती नावं होती, नाझींनी मारलेल्यांची. आजोबांनी तीन नावांवर बोट ठेवलं. तिथे मीही माझा राग खाली ठेवला. तिथे रागवायचं ते दुसऱ्यांवर.

पण पुढच्या दालनात काचेच्या कपाटात एक ताट होतं. सणाचं ताट, पांढऱ्या चिनी मातीचं, निळ्या नक्षीचं, तिथल्या डच घरांत असतात तसंच, फक्त मध्ये हिब्रू अक्षरं. आजोबा अभिमानाने म्हणाले, बघा, आम्ही किती ह्या देशाचे झालो. मी ताटाकडे बघत राहिले. त्यांचं डच ताट संग्रहालयात, आणि माझं पोह्यांचं ताट नापास! मी त्यांना विचारलं, की ते पोर्तुगालचे लोक, चर्चला जाऊन आलेले, त्यांच्याकडे आजीचा लग्नाचा करार कुणी मागितला होता का? आजोबांनी आधी ताटाकडे बघितलं. मग म्हणाले, “नाही. ते आपलेच आहेत असं धरून त्यांना शिकवलं.”

लग्न रविवारी दुपारी झालं. सिनेगॉग जुनं, उंच, पितळी झुंबरांचं. चार काठ्यांवर ताणलेल्या लग्नाच्या छताखाली मुलगी उभी होती, तोंडावर पातळ ओढणी. मला पुढच्या रांगेत बसवलं होतं. रब्बीने लग्नाचा करार वाचायला घेतला. ती भाषा मला येत नाही, पण त्यात वर कुणाचा मुलगा आणि वधू कुणाची मुलगी हे येतं, तेवढं कळतं. आमच्या लग्नातही वाचलं होतं. मुलाचं नाव आलं, त्याच्या बापाचं आलं. मग माझ्या मुलीचं आलं. आता ह्यांचं येणार म्हणून मी सावरून बसले. हे असते तर या घटकेला घसा खाकरला असता.

रब्बीने वाचलं, अब्राहमची मुलगी.

मला वाटलं, चुकला. शेजारी आजोबा बसले होते, त्यांनी खाली बघत हळूच सांगितलं, की धर्मांतर केलेल्याला बाप नसतो, म्हणून आपल्या सगळ्यांचा मूळ पिता अब्राहम त्याचं नाव घालतात. पद्धत आहे. मी मुलीकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. तिला माहीत होतं. वर्षभर माहीत होतं आणि तिने मला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर मी बुडी घेऊ दिली नसती.

आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. मी एकदाच घेतलं होतं, लग्नात, उखाण्यात, तेही चार बायकांनी अडवून धरलं म्हणून. त्यानंतर चौतीस वर्षं “अहो” आणि “हे”. बँकेच्या फॉर्मवरसुद्धा मी ते लिहायची, बोलायची नाही.

मी उठून उभी राहिले. आणि त्या उंच छताखाली, त्या सगळ्या सुटाबुटातल्या माणसांसमोर, मी ह्यांचं नाव घेतलं. पूर्ण. त्यांचं, त्यांच्या वडिलांचं, आणि कोकणातल्या आमच्या गावावरून पडलेलं आडनाव, शेवटच्या अक्षरापर्यंत.

रब्बी वाचायचा थांबला. त्याने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि ह्या कोण, काय म्हणाल्या, असं इंग्रजीत विचारलं.

ओढणीच्या आतून माझी मुलगी म्हणाली, “माझ्या वडिलांचं नाव.”